विश्लेषण : मोनो रेकॉर्डला स्टिरिओचा साज कशासाठी?

माळ्यावरच्या पेट्यांतून जुन्या रेकॉर्ड्स पुन्हा खाली उतरू लागल्या आहेत. नवा टर्नटेबल मागवला जातो, बंद पडलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला जातो आणि आजोबांच्या काळातली तबकडी फिरू लागते. गाणे सुरू होते, पण खरखर अपेक्षेपेक्षा जास्त ऐकू येते. ‘रेकॉर्ड खराब झाली’ असे म्हणून आपण ती पुन्हा पाकिटात घालतो. पुष्कळदा दोष रेकॉर्डचा नसतो. ती मोनो असते आणि आपण ती स्टिरिओ म्हणून वाजवत असतो. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ यंत्रावर जरूर ऐकावी, पण मोनो म्हणूनच ऐकावी, हे या लेखाचे म्हणणे आहे. तिची डिजिटल प्रत करतानाही हेच पथ्य पाळावे. न पाळल्यास काय होते, ते आमच्या घरात घडले आहे. तो प्रसंग पुढे येईलच.

मोनो आणि स्टिरिओ यांत नेमका फरक काय?

मोनो म्हणजे एकच चॅनेल. गायक, तबला, सारंगी, हार्मोनियम या सगळ्यांचा मिळून एकच ध्वनिसंदेश. तो एका स्पीकरमधून ऐकला काय किंवा दोन स्पीकरमधून, संदेश तोच. स्टिरिओत दोन वेगळे संदेश असतात, एक डाव्या आणि एक उजव्या स्पीकरसाठी. त्यांच्यातल्या फरकामुळे कोणते वाद्य कोणत्या बाजूला आहे हे कानाला कळते.

स्टिरिओची कल्पना बरीच जुनी आहे. ईएमआय कंपनीतले ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेत दोन चॅनेल कसे कोरता येतील, याचाही विचार त्यात होता. पण ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली १९४८ मध्ये आणि स्टिरिओ एलपी बाजारात रुजायला १९५८ उजाडले. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे सगळे युग आणि एलपीची पहिली दहा वर्षे ही मोनोचीच. त्यानंतरही मोनो लगेच संपले नाही. आपल्याकडे १९६० च्या दशकातल्या शास्त्रीय संगीताच्या, चित्रपटगीतांच्या आणि भावगीतांच्या अनेक रेकॉर्ड्स मोनोच आहेत.

रेकॉर्डच्या खाचेत काय असते?

सगळे उत्तर या खाचेतच आहे. मोनो रेकॉर्डची खाच नागमोडी असते, पण तिची खोली साधारण कायम राहते. सुई फक्त डावीकडे-उजवीकडे हलते आणि त्या आडव्या हालचालीतच सगळे संगीत असते.

स्टिरिओ रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे संदेश कोरलेले असतात. तबकडीच्या मध्याकडची भिंत डाव्या चॅनेलची, कडेकडची भिंत उजव्या चॅनेलची. दोन्ही भिंती ४५ अंशांत तिरक्या असतात. त्यामुळे सुई आडवी तर हलतेच, शिवाय खालीवरही होते. दोन्ही चॅनेलमध्ये जे समान असते ते आडव्या हालचालीत येते. दोन्हींत जो फरक असतो तो उभ्या हालचालीत येतो.

ही रचना मुद्दाम अशी केली गेली. जुनी मोनो रेकॉर्ड नव्या स्टिरिओ कार्ट्रिजवर वाजावी, हा त्यामागचा एक हेतू होता. मोनोची आडवी हालचाल स्टिरिओ कार्ट्रिजला ‘दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच आवाज’ अशी कळते आणि गाणे दोन्ही स्पीकरमधून सारखे ऐकू येते. म्हणून मोनो एलपी स्टिरिओ यंत्रावर वाजवल्याने रेकॉर्डला काही इजा होत नाही.

उलट मात्र खरे नाही. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई उभ्या दिशेने नीट हलत नाही. तिच्याखाली स्टिरिओ रेकॉर्ड ठेवली तर खाचेची उभी वळणे घासली जातात. जुन्या बाजारातून आणलेला सूटकेस-प्लेयर स्टिरिओ एलपीवर वापरण्याआधी हे लक्षात ठेवावे.

मग स्टिरिओवर बिघडते ते काय?

मोनो रेकॉर्डमध्ये संगीत आडव्या हालचालीतच आहे. मग उभ्या हालचालीत काय असते? धूळ, खाचेच्या तळाची खडबड, दाबणीतले दोष, तबकडीचा बाक, टर्नटेबलच्या यंत्रणेची घरघर. संगीत तेवढे नसते. मोनो कार्ट्रिज हा कचरा उचलतच नाही. स्टिरिओ कार्ट्रिजला मात्र उभी हालचाल ही चॅनेलमधल्या फरकाची खूण वाटते. ते इमाने इतबारे तो सगळा कचरा उचलते आणि स्पीकरकडे पाठवते.

याची परीक्षा घरी करता येते. हेडफोन लावून मोनो रेकॉर्ड ऐकावी. गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध येतो, पण चरचर मात्र डाव्या-उजव्या कानांत पसरते. गाणे एका ठिकाणी आणि खरखर सगळीकडे! मूळ रेकॉर्डमध्ये नसलेला हा पसारा यंत्राने तयार केलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. रेकॉर्ड कोरणारे हत्यार सपाट तोंडाचे असते. त्यामुळे वळण तीव्र असेल तिथे खाच अरुंद होते आणि गोल टोकाची सुई किंचित वर ढकलली जाते. वरच्या पट्टीतल्या जोरकस तानेला किंवा ‘स’, ‘श’ या उच्चारांना येणारी करकर काही अंशी या उचलण्यातून येते. हा दोषही उभ्या हालचालीतलाच.

मोनो बटण काय करते?

१९७० च्या दशकातल्या बहुतेक चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ असे लिहिलेले एक बटण किंवा खटका असायचा. तो दाबला की डावा आणि उजवा चॅनेल एकत्र मिसळले जातात. आडव्या हालचालीचा आवाज दोन्हींत सारखा असल्याने त्याची बेरीज होते. उभ्या हालचालीचा आवाज दोन्हींत एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे त्याची वजाबाकी होऊन तो जवळपास नाहीसा होतो.

सगळी खरखर जात नाही. दोन्ही भिंतींवरचा गोंगाट एकमेकांशी संबंध नसलेला आणि सारख्याच पातळीचा असेल, तर संगीताच्या तुलनेत तो ३ डेसिबलने घटतो, म्हणजे त्याची शक्ती निम्मी होते. शुद्ध उभ्या हालचालीतून आलेला आवाज मात्र जवळजवळ पूर्ण पुसला जातो. मुख्य म्हणजे उरलेली चरचर पसरून राहत नाही, ती मधोमध येते आणि गाण्याच्या मागे जाते. कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला लवकर शिकतो.

एक सूचना. बटण दाबल्यावर गाणेच क्षीण किंवा पोकळ झाले, तर बटणाला दोष देऊ नये. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक तारा असतात. त्यातल्या एका चॅनेलच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी असते. त्या नीट लावल्या की स्टिरिओ रेकॉर्ड्सही सुधारतात.

बटण नसेल तर?

आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरवर हे बटण नसते. खर्चाच्या चढत्या क्रमाने तीन मार्ग आहेत.

पहिला, वाय आकाराच्या दोन जोडतारा. टर्नटेबलमधून निघालेले डावे-उजवे दोन्ही सिग्नल एका तारेने एकत्र आणायचे आणि दुसऱ्या तारेने पुन्हा दोन करून फोनो प्रीअ‍ॅम्पला द्यायचे. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला हे चालते आणि काम काही शे रुपयांत होते. टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प बसवलेला असेल तर हा उपाय करण्याआधी जाणकाराला विचारावे. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या तारा मात्र कधीही एकत्र जोडू नयेत. अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

दुसरा, मोनोची सोय असलेला फोनो प्रीअ‍ॅम्प. तिसरा, खास मोनो कार्ट्रिज. यातही दोन प्रकार असतात. काहींच्या आत स्टिरिओचीच रचना असते, फक्त दोन्ही चॅनेल आतल्या आत जोडलेले असतात. काही केवळ आडव्या हालचालीलाच प्रतिसाद देतात. दुसरा प्रकार तत्त्वतः अधिक शुद्ध. पण संग्रहात पाच-दहाच मोनो रेकॉर्ड्स असतील तर महागडे कार्ट्रिज घेण्याची घाई करू नये. या छंदात यंत्रे विकत घेण्याच्या नादात ऐकायचे राहून जाते, हा अनेकांचा अनुभव आहे.

सुईचा आकार महत्त्वाचा आहे का?

आहे, पण जेवढा सांगितला जातो तेवढा नेहमीच नाही. सुरुवातीच्या मोनो एलपीची खाच जरा रुंद असे आणि तिच्यासाठी सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येची गोल सुई वापरत. स्टिरिओसाठीची गोल सुई साधारण १८ मायक्रॉनची. लहान सुई रुंद खाचेत थोडी खाली बसते. त्याचा तोटाच होतो असे नाही. त्या काळातले पिकअप जड असत. पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भाराने वर्षानुवर्षे घासल्यामुळे भिंतीचा ठरावीक भाग झिजलेला असतो. लहान सुई कधीकधी त्याखालच्या, न झिजलेल्या भागावर बसते आणि रेकॉर्ड ताजी वाटते. कधी उलटेही होते. दोन्ही लावून पाहणे हाच उपाय.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मोनो एलपी आणि आजकाल नव्याने निघणाऱ्या मोनो आवृत्त्या बहुधा स्टिरिओच्याच यंत्रणेवर कोरलेल्या असतात. त्यांना नेहमीची सुई पुरते, फक्त चॅनेल एकत्र करावेत.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे नियम वेगळे का?

कारण त्यांची खाच एलपीच्या कितीतरी पट रुंद असते. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई तिथे वापरली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसता खडखडाट उचलते आणि सुईही खराब होऊ शकते. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँ यांचे गाणे मूळ तबकडीवर ऐकायचे असेल, तर ७८ ची सुई वेगळी घ्यावीच लागते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावणे हा तर गुन्हाच. त्या जड ध्वनिपेटीची पोलादी सुई एलपीची खाच एका फेरीत नांगरून टाकते.

या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात. त्या मिश्रणासाठी जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा भारतातूनच जात असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे एलपीसाठी मिळणारे अल्कोहोलयुक्त द्रावण ७८ च्या तबकडीला लावले तर आवाज कायमचा जातो. ऊर्ध्वपातित पाणी, मऊ कापड आणि सावलीत वाळवणे पुरेसे.

मोनो बटणाचा नियम इथेही लागू होतो, पण एक अपवाद आहे. पाथे कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांत संगीत उभ्या हालचालीत कोरलेले असे. तिथे मोनो बटण दाबले तर खरखर राहते आणि गाणे नाहीसे होते!

रेकॉर्ड मोनो आहे हे कसे ओळखावे?

७८ ची तबकडी मोनोच असते. एलपीच्या बाबतीत पाकीट आणि मधला कागद पाहावा. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकाआधी रोमन अक्षरे छापलेली दिसतात. ‘ईएएलपी’ आणि ‘ईसीएलपी’ या मालिका मोनोच्या, तर ‘ईएएसडी’ आणि ‘ईसीएसडी’ या स्टिरिओच्या. अक्षरे पुसट असतील तर कानावर विसंबावे. मोनो बटण दाबून-सोडून पाहावे. वाद्ये जागची हलली तर रेकॉर्ड स्टिरिओ. फक्त खरखर हलली तर मोनो.

मोनो ही नाइलाजाची तडजोड होती का?

हा खरा वादाचा मुद्दा. ‘तेव्हा स्टिरिओ नव्हते म्हणून मोनो’ अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

बीटल्सचे उदाहरण बोलके आहे. त्यांच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या १९६७ च्या अल्बमच्या वेळी स्टिरिओ उपलब्ध होते. तरी बँडचे सदस्य स्वतः बसून ज्या मिश्रणावर मेहनत घेत होते ते मोनोचे होते. स्टिरिओचे मिश्रण नंतर, त्यामानाने झटपट, निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिअभियंता जेफ एमरिक यांनी केले. दोन्हींत ऐकू येण्याजोगे फरक आहेत. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये जास्त वेगाने आणि वरच्या पट्टीत वाजते. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमची स्टिरिओ आवृत्ती तर एका बाजूला वाद्ये आणि दुसऱ्या बाजूला गळे अशी दुभंगलेली आहे. ती तशी ऐकली जावी अशी योजनाच नव्हती. २००९ मध्ये त्यांचे मोनो अल्बम सीडीवर आणि २०१४ मध्ये रेकॉर्डवर पुन्हा निघाले, ते केवळ जुन्या आठवणींसाठी नव्हे.

‘बीच बॉइज’ या अमेरिकी बँडचा ‘पेट साउंड्स’ हा १९६६ चा अल्बम ब्रायन विल्सन यांनी मोनोमध्येच केला. त्यांना एका कानाने जवळपास ऐकू येत नसे, हे त्यामागचे एक कारण. श्रोता कुठेही बसला तरी त्याच्यापर्यंत तेच संगीत पोहोचावे, हा मोनोचा फायदाही त्यांना हवा होता. त्याचे खरे स्टिरिओ मिश्रण यायला १९९७ उजाडले.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. एक किंवा मोजके मायक्रोफोन असत. गायक जवळ, तबला जरा बाजूला, व्हायोलिनचा ताफा मागे, अशी माणसांची मांडणी करून तोल साधला जाई. कोणाला अर्धे पाऊल मागे सरकवायचे हा ध्वनिमुद्रकाच्या कानाचा निर्णय असे. त्यामुळे चांगल्या मोनो रेकॉर्डमध्ये डावे-उजवे नसले तरी जवळ-दूर असते. गायक पुढे उभा आहे आणि साथ त्याच्या मागे आहे, ही खोली स्पष्ट कळते. आणि श्रोत्यापर्यंत ते पोहोचे तेही एकाच स्पीकरमधून. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा लोक रेडिओच्या एका पेटीसमोर बसून ते ऐकत होते. कोणाला काही उणे वाटल्याचे ऐकिवात नाही.

एका स्पीकरवर ऐकण्याला शास्त्राचाही आधार आहे. दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला की प्रत्येक कानाला तो दोनदा, किंचित अंतराने पोहोचतो. त्यामुळे सुमारे २००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे शब्द स्पष्ट होतात त्या पट्ट्यात, आवाज थोडा दबतो. जरा बाजूला सरकून बसले तर गायकही जवळच्या स्पीकरकडे सरकतो. म्हणून चॅनेल एकत्र केल्यावर बॅलन्सचे बटण फिरवून कधी तरी एकाच स्पीकरवर रेकॉर्ड ऐकून पाहावी.

‘खोटे स्टिरिओ’ म्हणजे काय?

१९६० च्या दशकात स्टिरिओची मागणी वाढली, तशी कंपन्यांनी जुन्या मोनो मुद्रणांना स्टिरिओचा मुलामा द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने त्याला ‘ड्युओफोनिक’ असे नाव दिले होते. एका चॅनेलमध्ये खर्ज वाढवायचा, दुसऱ्यात वरचे सूर, दोन्हींत किंचित वेळेचा फरक ठेवायचा आणि वर थोडा घुमारा. पाकिटावर ‘स्टिरिओ’ छापायचे. आपल्या पिढीला ‘झंकार बीट्स’ आठवतील. जुन्या गाण्यावर नवे ठेके चढवून ‘आता कसे छान वाटते’ म्हणण्याचीच ती वृत्ती.

यात मोनो बटणही पूर्ण मदत करत नाही. वेळेच्या फरकाने सरकवलेले दोन चॅनेल एकत्र केले की काही सूर एकमेकांना मारतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो.

आमच्या घरात नेमके हेच झाले. माझ्या थोरल्या काकांकडे साठ-सत्तर एलपी होत्या. टर्नटेबल बंद पडला तेव्हा आम्ही एका दुकानातून त्यांच्या डिजिटल प्रती करून घेतल्या. दुकानदाराने मनापासून काम केले. खरखर गाळली आणि आपल्याकडून भर म्हणून ‘स्टिरिओ इफेक्ट’ घातला. प्रती झाल्या, मग रेकॉर्ड्स जागा कशाला अडवतील, म्हणून आम्ही त्या भंगारवाल्याला दिल्या. काकांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांनी डाव्या कानाला इअरफोन लावला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. तबला बोदा झाला होता, गळ्यातली धार गेली होती. मी फोनमधले मोनो सेटिंग सुरू करून दिले, तर गाणे आणखी पोकळ झाले. ‘हे माझे गाणे नव्हे,’ एवढेच ते म्हणाले. पुन्हा प्रत करायला मूळ रेकॉर्ड उरली नव्हती. चूक दुकानदाराची कमी, आमची जास्त.

आता तर एआयने मोनोतून स्टिरिओ करता येते, मग हरकत काय?

तंत्र थक्क करणारे आहे, यात शंका नाही. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ची नवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली, तेव्हा एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्ये संगणकाच्या मदतीने सुटी करण्यात आली. अशी साधने आता फोनवरही मिळू लागली आहेत.

माझी हरकत तंत्राला नाही, अदलाबदलीला आहे. ‘रिव्हॉल्व्हर’च्या त्या मोठ्या संचात मूळ मोनो मिश्रणही दिले होते. नवे ते नवे म्हणून, जुने ते जुने म्हणून. आपल्याकडे मात्र नव्या रूपातले गाणे बऱ्याचदा जुन्याच नावाने समोर येते आणि मूळ कोणते होते ते कुठे लिहिलेले नसते. तयार केलेले स्टिरिओ हा आजच्या माणसाचा अंदाज आहे, तेव्हाच्या ध्वनिमुद्रकाचा निर्णय नव्हे. अंदाज चांगला असू शकतो. पण त्याने मूळ निर्णयाची जागा घ्यावी आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये, हे मान्य होण्यासारखे नाही.

डिजिटल प्रत करताना काय काळजी घ्यावी?

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. ऐकताना चॅनेल एकत्र करावेत, पण जतनासाठीची पहिली प्रत स्टिरिओ कार्ट्रिजने, दोन्ही चॅनेल वेगळे ठेवून, काहीही न गाळता घ्यावी. कारण खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असू शकते. दोन्ही भिंती वेगळ्या नोंदवल्या असतील तर बरी भिंत निवडण्याची सोय पुढच्या पिढीला राहते. एकदा एकत्र केल्या की त्या पुन्हा सुट्या होत नाहीत.

ही मूळ फाइल एमपीथ्रीत न दाबता वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. तिच्यावरून ऐकण्यासाठी दुसरी, मोनो प्रत करावी. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे मिनिटाभराचे काम आहे. खरखर काढायची तर या दुसऱ्या प्रतीतून, तीही बेताने. जास्त गाळले की खरखरीबरोबर तंबोऱ्याची झणकारही जाते. फाइलच्या नावात रेकॉर्डचा क्रमांक लिहावा, पाकिटाचे आणि मधल्या कागदाचे छायाचित्र सोबत ठेवावे. दुकानात काम देणार असाल तर ‘कोणताही इफेक्ट नको, दोन्ही चॅनेलची कच्ची फाइलही हवी’ असे लिहून द्यावे. आणि प्रत ऐकून खात्री केल्याशिवाय रेकॉर्ड घराबाहेर जाऊ देऊ नये. खात्री झाल्यावरही शक्यतो नको. जागाच नसेल तर भंगारापेक्षा संग्राहक बरा. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारखी संग्राहकांची संस्था मुंबईत उभी राहिली, ती अशाच तबकड्यांच्या ओढीने.

मग आज काय करावे?

रेकॉर्ड धुऊन-पुसून घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो बटण आहे का ते शोधावे, नसेल तर जोडतार आणावी. एकदा चॅनेल वेगळे ठेवून आणि एकदा एकत्र करून तेच गाणे ऐकावे. फरक सांगायला तज्ज्ञ लागणार नाही.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी तर हे आणखी सोपे आहे. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी तो दिलेला आहे. एकच इअरबड लावून लोकलमध्ये जुनी गाणी ऐकणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. मोनोत केलेले गाणे एका कानातही पूर्ण ऐकू येते.

काकांच्या रेकॉर्ड्स परत मिळणार नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्यातली एक एलपी जुन्या बाजारात मला सापडली, दुसऱ्याच कोणाचे तरी नाव पाकिटावर लिहिलेली. दुरुस्त केलेल्या टर्नटेबलवर ती लावली, मोनो बटण दाबले आणि बॅलन्स एका स्पीकरकडे वळवला. काका चांगला कान त्या बाजूला करून बसले. चरचर होतीच. पहिली बाजू संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, ‘उलटव.’